सोळा आणि समोर दश्शी

पत्र:

पुढच्या महिन्यात आम्ही चौघं सुट्टीला जातोय. मी, बायको, तिची बहीण आणि साडू. जिथं उतरणार तिथं कॅसिनो आहे. साडू याआधी दोन-तीनदा खेळून आलेत आणि तेव्हापासून ब्लॅकजॅकवर त्यांचं प्रवचन सुरू आहे. ‘यात नशीब नाही, डोकं लागतं,’ असं म्हणतात. त्यांचे चार नियम: सोळावर कधीच पान घ्यायचं नाही. डीलरचा एक्का दिसला की इन्शुरन्स घ्यायचाच. हरलो की पुढची बाजी दुप्पट करायची. आणि शेवटच्या खुर्चीत अडाणी माणूस बसला असेल तर ते टेबल सोडायचं, तो सगळ्यांना बुडवतो. दोघांनी पैसे एकत्र करून खेळू, असंही त्यांच्या मनात आहे. मी पत्ते बऱ्यापैकी खेळतो, पण त्या टेबलावर बसायची धास्ती वाटते. पैसे जातील त्याचं एवढं नाही, चारचौघांत फजिती होईल याचं वाटतं. खेळ नीट कसा खेळायचा? साडूंचं किती ऐकायचं? किती पैसे घेऊन बसायचं? पत्ते मोजून जिंकणाऱ्यांबद्दलही वाचलंय, ते जमण्यासारखं आहे का?

– बावचळलेला

उत्तर:

साडूंचे चार नियम मी दोनदा वाचले. त्यातला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या साडेतीन नियमांवर कॅसिनोतले दिवे जळतात.

हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनं सांगतोय. नऊ वर्षं मी डीलर म्हणून ब्लॅकजॅकचे पत्ते वाटले. जिंकून उठणारे पुष्कळ पाहिले, हरून उठणारे त्याहून पुष्कळ, आणि दोन्हीकडचे बहुतेक लोक आपण का जिंकलो किंवा का हरलो याचं भलतंच कारण सांगत उठायचे. साडू त्यातलेच. माणूस वाईट नसणार, फक्त दोन-तीनदा खेळून आलाय आणि त्यात एकदा तरी जिंकलाय, एवढंच त्यांचं दुखणं.

तुम्हाला फजितीची धास्ती आहे, तर ती आधी मिटवू. टेबलाशी गेल्यावर चालू डाव संपू द्या. मग नोटा टेबलावरच्या कापडावर ठेवा, डीलरच्या हातात देऊ नका. त्याला तुमच्या हातून काही घेता येत नाही. तो नोटा पसरून वरच्या कॅमेऱ्याला दिसतील अशा मांडेल, मोजेल आणि तेवढ्याच किमतीच्या चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, तुमच्याकडे सरकवेल. बाजी समोरच्या गोलात ठेवायची. पहिलं पान पडलं की त्या चिप्सना हात लावायचा नाही, डाव मिटून हिशेब होईपर्यंत नाही. पत्ते उघडे वाटत असतील, आणि मोठ्या टेबलांवर बहुधा तसेच वाटतात, तर पत्त्यांनाही हात लावायचा नाही. नवखा माणूस मला यावरूनच कळायचा. घरी पत्ते खेळणाऱ्याचा हात आपोआप पानाकडे जातो, उचलून छातीशी धरायला. मी नुसता तळवा आडवा धरायचो. तो ओशाळायचा, बाकीचे हसायचे, आणि दुसऱ्या डावाला सगळं विसरलेलं असायचं. एवढीच फजिती असते ती.

पान हवं-नको हे हातानं सांगायचं. हवं असेल तर पत्त्यांच्या मागं कापडावर बोटानं टिचकी मारल्यासारखं करा. नको असेल तर पत्त्यांवरून तळवा आडवा फिरवा, ताटात आणखी नको म्हणताना फिरवतो तसा. बाजी दुप्पट करून एकच पान घ्यायचं असेल तर तेवढ्याच चिप्स पहिल्या चिप्सच्या शेजारी ठेवा आणि एक बोट दाखवा. वर रचू नका. जोडी फोडायची, म्हणजे सारख्या दोन पानांचे दोन वेगळे डाव करायचे असतील, तर तशाच चिप्स शेजारी ठेवून दोन बोटं. हे नाटक कॅमेऱ्यासाठी आहे. ‘मी थांब म्हणालो होतो’ असं गिऱ्हाईक म्हणालं की वरिष्ठ चित्रण बघतात, आणि चित्रणात ओठांपेक्षा हात स्पष्ट दिसतो. आमचेही हात त्यात असायचे. टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवायचे, लपवून काही नेत नाही म्हणून. नोकरी सुटून वर्षं झाली, तरी कधीकधी ओट्यापाशी भांडी घासून झाली की माझे हात तसेच फिरतात.

आता खेळ. दुर्री ते दश्शी आपापल्या आकड्याची. गुलाम, राणी, राजा प्रत्येकी दहा. एक्का एक किंवा अकरा, आपल्याला सोयीचं पडेल तो. रंगाला किंमत नाही, हुकूम नाही, बाकीच्या खेळाडूंशी तुमचं काही देणंघेणं नाही. सात जण बसले असले तरी प्रत्येकाचा डाव डीलरशी वेगळा चालतो. तुम्हाला दोन पानं, डीलरला दोन, पैकी त्याचं एक उघडं. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाचं पान आलं तर तो ब्लॅकजॅक, त्याचे पैसे जास्त मिळतात. बाकी वेळी एकास एक. बेरीज सारखी झाली तर बाजी परत. २१ च्या पुढं गेलात की बस्ट, बाजी तिथंच गेली.

‘२१ च्या जवळात जवळ जायचं’ असं जो तो सांगतो, आणि बहुतेकांचे पैसे या एका समजुतीपायी जातात. तुम्हाला डीलरला हरवायचंय. तेरावर गप्प बसलात आणि डीलर बस्ट झाला, तर तुमचे तेरा आणि शेजाऱ्याचे वीस यांना सारखेच पैसे मिळतात. डीलरला डोकं चालवायची मुभा नसते. १६ किंवा कमी असेल तर त्यानं पान घ्यायचंच, १७ झाले की थांबायचंच (एक्का अकरा धरून झालेल्या सतराचं काय, ते पुढं सांगतो). मी नऊ वर्षांत एकही निर्णय घेतला नाही. समोरच्याकडे १८ उघडे दिसत असताना माझ्या १७ वर निमूट थांबून त्याला पैसे दिलेत.

मग कॅसिनोला मिळतं काय? क्रम. आधी तुम्ही खेळायचं, मग डीलरनं. तुम्ही बस्ट झालात की तुमच्या चिप्स उचलल्या जातात, आणि त्यानंतर डीलरही बस्ट झाला तर त्या परत येत नाहीत. दोघंही बुडाले तर पैसे एकाचेच जातात. डीलरसारखंच खेळायचं, १६ पर्यंत घ्यायचं आणि १७ ला थांबायचं असं ठरवलंत, तर शंभराच्या उलाढालीमागं साडेपाचच्या आसपास जातात. उलट बस्ट व्हायच्या भीतीनं बारापासून पुढं पान घ्यायचंच नाही असं ठरवलंत, तरी चारच्या जवळपास जातात. नीट खेळणाऱ्याचा हा आकडा बऱ्या नियमांच्या टेबलावर शंभरामागं अर्ध्यावर, म्हणजे अर्ध्या टक्क्यावर येतो. एकच शून्य असलेल्या रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकाच्या खेळात, तो २.७ असतो आणि तिथं तुम्ही कितीही डोकं चालवा, कमी होत नाही. साडूंचं ‘डोकं लागतं’ हे म्हणणं इथपर्यंत खरं आहे. फक्त ते डोकं दुसऱ्या कुणीतरी आधीच लावून ठेवलंय.

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या लष्करात, ॲबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड इथं, चार जणांनी हा खेळ गणितानं सोडवला. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, जेम्स मॅकडरमॉट आणि हर्बर्ट मेझेल. हाताशी होती टेबलावरची आकडेमोड यंत्रं. तुमची प्रत्येक बेरीज आणि डीलरचं प्रत्येक उघडं पान, अशी एकेक जोडी घेऊन थांबणं बरं की घेणं बरं, हे त्यांनी काढलं आणि १९५६ साली संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. पुढं संगणकांनी तेच गणित तपासलं, तेव्हा किरकोळ फरक निघाले. यालाच बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात. तिचा तक्ता हाताच्या पंजाएवढ्या कागदावर मावतो आणि बऱ्याच ठिकाणी तो टेबलावर शेजारी ठेवून बघायला हरकत घेत नाहीत. डीलरला आधी विचारा. मोबाइल मात्र खिशात.

तक्ता पाठ करायच्या आधी त्यामागचा विचार डोक्यात बसवा. कॅटमध्ये एकंदर तेरा प्रकारची पानं, पैकी चार दहाची. त्यामुळे डीलरचं उघडं पान २ ते ६ मधलं असलं की तो अडचणीत असतो. त्याच्या दोन पानांची बेरीज बहुधा १७ च्या खाली असते, पान घेणं त्याला भाग असतं आणि त्यातून तो फुटू शकतो. उघडी पंजी किंवा छक्की असेल तर शंभरात साधारण ४२ वेळा तो बस्ट होतो. सत्ती असली की हेच २६ वर येतं, दहाच्या पानाला बावीसच्या आसपास, एक्क्याला त्याहूनही कमी. म्हणून आधी आपले पत्ते बघायची सवय मोडा. आधी त्याचं पान, मग आपली बेरीज.

डीलर कमकुवत, म्हणजे २ ते ६ दाखवत असेल, तर तुम्ही १३ ते १६ वर थांबा आणि फुटायचं काम त्याच्यावर सोडा. १२ वर मात्र ४, ५, ६ समोर असेल तरच थांबायचं. २ किंवा ३ असेल तर पान घ्यायचं, कारण १२ ला फोडणारी पानं तेरात चारच. डीलर ७ किंवा वरचं दाखवत असेल, तर १२ ते १६ वर पान घ्यायचं. १७ आणि पुढं थांबायचं, एक्का अकरा धरला नसेल तर नेहमीच.

आता सोळा. साडूंचा अर्धा बरोबर नियम तो हाच. छक्कीसमोर सोळावर थांबणं योग्यच आहे. पण समोर दश्शी आणि आपल्याकडे सोळा, हा या खेळातला सगळ्यात रडका डाव. पान घेतलं तर तेरातली आठ पानं तुम्हाला फोडतात. म्हणून माणूस थांबतो. थांबलात तर जिंकायला एकच वाट, डीलर बस्ट होणं, आणि ते शंभरात तेवीस वेळा झालं असं धरू. म्हणजे शंभर डावांत ७७ गेले, २३ आले, निव्वळ चोपन्न बाज्या खड्ड्यात. पान घेऊन खेळलात तर खड्डा जवळजवळ तेवढाच, केसभर उथळ. म्हणून तक्ता म्हणतो, घ्या. पण केसभरच. या डावावर जोडपी भांडताना पाहिलीत मी. घेऊन फुटला की ती म्हणते कशाला घेतलंस, थांबून हरला की म्हणते घ्यायचं होतंस. काही टेबलांवर तिसरी वाट असते, सरेंडर. अर्धी बाजी सोडून द्यायची आणि डावातून बाहेर पडायचं. शंभर डावांत पन्नास गेले, चोपन्न नाही. सोळासमोर नव्वी, दहा किंवा एक्का असला की मी असतो तर दरवेळी अर्धी बाजी सोडली असती. फक्त ते सोळा दोन अठ्ठ्यांचे नसावेत. पण गिऱ्हाइकाला लढल्याशिवाय हार मानायची लाज वाटते. नऊ वर्षांत आपणहून सरेंडर करणारे बोटांवर मोजण्याइतके भेटले.

एक्का अकरा धरलेला हात निर्धास्त असतो, एका पानानं फुटत नाही. एक्का-छक्कीचे १७ झाले म्हणून थांबू नका. ३ ते ६ समोर दुप्पट करा, नाहीतर नुसतं पान घ्या, पण थांबू नका. एक्का-सत्तीचे अठरा चांगले वाटतात, पण समोर ९, १० किंवा एक्का असेल तर ते पुरत नाहीत, पान घ्या. हे नवख्यांच्या गळी उतरत नाही.

दुप्पट म्हणजे बाजी दुप्पट करून एकच पान. सगळा बहर इथं आहे. तुम्ही जिंकता त्यापेक्षा जास्त डाव हरता, शंभरात त्रेचाळीसच्या आसपास जिंकता, एकोणपन्नास हरता, उरलेले बरोबरीत. तरीही एकूण खड्डा अर्ध्या टक्क्याचाच राहतो, कारण चांगल्या वेळी तुमची जास्त बाजी लागलेली असते. त्यामुळे ११ आले की दुप्पट करायला कचरू नका. एक्का समोर असेल तेव्हा काय करायचं ते तिथल्या नियमांवर ठरतं, तक्ता बघा. १० वर समोर २ ते ९ असेल तर दुप्पट, ९ वर ३ ते ६ असेल तर. जोड्यांत एक्के आणि अठ्ठ्या फोडायच्या. दहाची जोडी कधीच नाही, वीस हातात असताना हाव कशाला. पंजीची जोडी म्हणजे दहा, तिला दहासारखंच खेळा. बाकी जोड्या तक्त्यात बघा. एक गोष्ट मात्र विचारून घ्या. काही ठिकाणी तुमचं खेळून होईपर्यंत डीलर दुसरं पान घेतच नाही. तिथं त्याच्या दहा किंवा एक्क्यासमोर ११ दुप्पट करू नका आणि अठ्ठ्या फोडू नका. नंतर त्याचा ब्लॅकजॅक निघाला तर दोन्ही बाज्या जातात.

कुठल्या टेबलावर बसायचं? हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. कापडावर किंवा पाटीवर लिहिलेलं असतं, ब्लॅकजॅकला ३:२ की ६:५. दहा चिप्स लावल्या तर पहिल्या टेबलावर पंधरा मिळतात, दुसऱ्यावर बारा. ‘तीनच चिप्सचा फरक’ म्हणून माणूस बसतो. ब्लॅकजॅक साधारण २१ डावांत एकदा येतो. २१ डावांत तुम्ही २१० चिप्स लावल्या आणि तीन गमावल्या, म्हणजे जवळजवळ दीड टक्का, अर्ध्या टक्क्याच्या वर. खड्डा चौपट झाला आणि तुम्ही अजून एकही चूक केलेली नाही. ६:५ दिसलं की पुढं चला, टेबलावरची किमान बाजी कितीही कमी असो. एक्का-छक्कीच्या सतरावर डीलर थांबतो की पान घेतो, हेही कापडावर असतं. थांबणारा बरा. त्यानं घेतलं तर तुमचे पाव टक्क्याहून थोडे कमी जातात. आणि मुख्य गोलाच्या शेजारचे ते छोटे गोल, जोडी आली तर इतकं, तीन पानं जुळली तर तितकं, त्यांच्याकडे बघू नका.

इन्शुरन्स हा असाच एक छोटा गोल आहे, फक्त नाव भारदस्त. डीलरचा एक्का उघडा असला की तो विचारतो, घेणार का? अर्धी बाजी आणखी लावायची. खालचं पान दहाचं निघालं तर एकास दोन मिळतात. तेरा वेळा खेळून बघा. चार वेळा दहाचं पान निघेल, प्रत्येकी दोन, आले आठ. नऊ वेळा नाही निघणार, गेले नऊ. यात तुमच्या हातातल्या पत्त्यांचा विमा वगैरे काही नाही. आपल्याकडे वीस आहेत म्हणून ते ‘वाचवायला’ घेणारे तर जास्तच फसतात, कारण दहाची दोन पानं त्यांनी स्वतःच अडवलेली असतात. मी दर वेळी ठरल्याप्रमाणे विचारायचो, ‘इन्शुरन्स?’ आणि एका म्हाताऱ्या बाई दर वेळी गोड हसून म्हणायच्या, ‘आज नको.’ सहा वर्षं येत होत्या, तो ‘आज’ कधी उजाडला नाही.

साडूंचा तिसरा नियम, हरलो की दुप्पट. एकापासून सुरू करा. १, २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८. सलग आठ हरलात की २५५ गेले आणि नववी बाजी २५६ ची, जी टेबलाच्या कमाल मर्यादेत बसेलच असं नाही, खिशात तर त्याहून नाही. आणि जिंकलात तर नफा किती? एक. संध्याकाळी दीडशे डाव खेळणाऱ्याला सलग आठ हरणं सहज भेटू शकतं, मी आठवड्यातून कितीदा तरी पाहायचो. मर्यादेची पाटी अशाच माणसांसाठी लावलेली असते.

चौथा नियम तर मला ऐकवून ऐकवून कान किटले. शेवटच्या खुर्चीतल्यानं चुकून पान घेतलं, ते दहाचं निघालं, आणि मग डीलरला पंजी येऊन त्याचे २१ झाले, की सगळं टेबल त्याच्याकडे खुनी नजरेनं बघतं. ‘तुमचं ते पान डीलरला गेलं असतं तर तो फुटला असता!’ खरं आहे. पण पुढचं पान कोणतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या चुकीनं जितक्यांदा टेबल बुडतं तितक्यांदाच तरतंही. तरल्याचं कुणी लक्षात ठेवत नाही. एकदा एका तरुण मुलीनं अठरावर पान मागितलं, चौघं ओरडले, तिला तिर्री आली आणि तिचे एकवीस झाले, मला दश्शी येऊन मी बस्ट. चौघांनाही पैसे मिळाले. तिला ‘थँक्यू’ कुणीच म्हणालं नाही.

पैसे किती? बाजीच्या हिशेबात सांगतो. तासाला सत्तरेक डाव होतात. दर डावाला दहा चिप्स, म्हणजे तासाला सातशेची उलाढाल, अर्ध्या टक्क्यानं साडेतीन चिप्सचा सरासरी तोटा. ऐकायला किरकोळ आहे. पण एका तासात दहा बाज्या वर किंवा दहा बाज्या खाली जाणं अगदी रोजचं, आणि वीस खाली जाणंही अधूनमधून होतंच. दोन-तीन तास बसायचं असेल तर चाळीस बाज्या पुरतील एवढे पैसे घ्या. उलटं म्हणजे, जेवढे गेले तरी घरी त्यावरून शब्द निघणार नाही तेवढ्यांचे चाळीस भाग करा. तो भाग टेबलाच्या किमान बाजीपेक्षा लहान निघाला, तर ते टेबल तुमच्यासाठी नाही. बँकेचं कार्ड खोलीत ठेवून या. तिथल्या वयोमर्यादेप्रमाणे ओळखपत्र लागेल, तेवढं बरोबर घ्या.

पत्ते मोजणं खरंच आहे. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञानं १९६२ मध्ये ते पुस्तकातून मांडलं. कल्पना साधी आहे: मोठी पानं शिल्लक असली की खेळाडूचा फायदा, लहान शिल्लक असली की डीलरचा. २ ते ६ पडलं की मनात एक वाढवायचा, दहा किंवा एक्का पडला की एक कमी करायचा, आणि आकडा चढला की बाजी वाढवायची. डोक्यात मोजणं म्हणजे फसवणूक नव्हे. न्यू जर्सीत तर १९८२ साली केन अस्टन या खेळाडूच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की केवळ मोजतो म्हणून कॅसिनो कुणाला बाहेर ठेवू शकत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र ठेवतात. पण ते झालं पुढचं. आधी सहा-आठ कॅट एकत्र, मध्येच पुन्हा पिसलेले, कुठं कुठं तर यंत्र सतत पिसत असतं. एवढं करून हाती लागते साधारण एक टक्क्याची आघाडी, तीही महिनोन्महिने सराव केल्यावर आणि तासन्‌तास बसल्यावर. आमच्याकडे मोजायचा प्रयत्न करणारे लगेच कळायचे. ओठ हलायचे. आम्ही त्यांना अडवत नव्हतो, कारण नीट मोजणाऱ्यांपेक्षा अर्धवट मोजणारे कितीतरी जास्त, आणि तो वर्ग कॅसिनोला प्रिय. सुट्टीत शिकायची ही गोष्ट नाही.

राहिले साडू. पैसे एकत्र करू नका. त्यांची दुप्पट-दुप्पट तुमच्या चिप्सवर चालणार आणि उरलेली सुट्टी दोन बहिणी एकमेकींशी तोडून बोलणार. ‘मला हळू खेळायचंय, तुमचा मूड जाईल’ असं म्हणा. हे खरंही आहे. ते शिकवायला लागले तर ऐका, मान डोलवा आणि तक्ता बघून खेळा. त्यांना सुधारायच्या भानगडीत पडू नका, मी नऊ वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सुधारू शकलो नाही. एकाच टेबलावर बसायचंच असेल, तर शेवटची खुर्ची त्यांना द्या.